बंदीतले ६१ दिवस

हर्णैच्या २७ वर्षांच्या एका वाचकाने लिहिलंय: "मावशी, मला वेळच पुरत नाही. पहाटे बोटीसाठी बर्फ-डिझेल बघायचं, संध्याकाळी लिलाव, रात्री हिशेब. चार वर्षं एमपीएससीचा अभ्यास करतोय, दोनदा पूर्वपरीक्षेतच अडकलो. पुण्याच्या बहिणीने क्लासची फी भरली, वेळापत्रकही आखून दिलं, पण तीन दिवसांवर ते टिकत नाही. इंग्लिश बोलायला शिकायचंय, व्यायाम, शेअर बाजार, तेही राहिलंय. यंदा पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत तरी अभ्यास होईल म्हटलं, तर बाबांच्या बोटीचं मशीन खोललं आणि दोन महिने त्यातच गेले. आयुष्यात ध्येय कसं ठरवायचं आणि वेळ कसा सांभाळायचा?"

बाळा, तुझं ते बंदीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

१ जून ते ३१ जुलै. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शाकारलेल्या, लिलाव नाही, बर्फ नाही, हिशेब नाही. हे ६१ दिवस तुझ्या हातात होते. तेव्हा वेळ पुरत नाही ही तक्रार इथेच सोडून देऊ.

आणि त्या दिवसांत जे केलंस ते "त्यातच गेले" म्हणून उडवून लावलंस, याचा मला खरंच राग आलाय. मशीन खोलणं म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. हेड उतरवायचं, पिस्टनच्या रिंगा बघायच्या, नोझल तपासून आणायचे, खाऱ्या पाण्याने कुठे कुठे खाल्लंय ते शोधायचं. पार्ट गावात मिळत नाही, बाहेरून यायला दिवस लागतात. म्हणून तो आधी मागवायचा आणि येईपर्यंत दुसरं काम उरकायचं. क्रम चुकला की सगळं अडतं. आणि हे सगळं भर पावसात, १ ऑगस्टच्या आत. याला नियोजन नाही तर काय म्हणतात? ते वेळापत्रक तुला कोणी आखून दिलं होतं?

कोणी म्हणेल, पोराने अभ्यास टाळायला निमित्त शोधलं. मला नाही पटत. टाळणारा मोबाईल घेऊन पडून राहतो, कोपरापर्यंत काळ्या ऑईलमध्ये हात घालून बसत नाही.

ते काम तडीला गेलं, कारण त्याला तारीख होती आणि त्याच्यावर माणसं अवलंबून होती: तुझे बाबा, बोट चालवणारा तांडेल, खलाशी, त्यांची घरं. शिवाय ते तुला आवडत होतं, एवढंच लिहायला तू कचरलास. याउलट अधिकारी होऊन तुला काय करायचंय, याबद्दल अख्ख्या पत्रात एक शब्द नाही. इंग्लिश, व्यायाम, शेअर बाजार ही चारचौघांकडून ऐकलेली यादी आहे, ती आत्ता बाजूला ठेव.

परीक्षा सोड. रत्नागिरीला मत्स्यव्यवसाय खात्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे सहा महिन्यांत मासेमारी, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. वयाची अट १८ ते ३५, म्हणजे तू बसतोस. तुकड्या जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. तू जानेवारीची धर, म्हणजे जूनअखेर मोकळा होशील आणि बंदीचा अर्धा काळ हातात उरेल. त्या जुलैत बाबांच्या बोटीशिवाय आणखी दोन बोटींची मशीनं करायची, रीतसर मजुरी घेऊन. कोणाच्या बोटी, ते याच हंगामात बोलून ठेव. ऐन हंगामात मशीन बंद पडून ज्यांची फेरी बुडते, ते तुला बंदरावर रोज भेटतात.

बहिणीला वाईट वाटेल. वाटू दे. तिची माया खरी आहे, पैसेही तिने घातले, पण भावाला काय हवंय हे विचारायच्या आधीच घातले. त्या जुलैच्या मजुरीतून तिची फी हळूहळू परत कर. तिच्या पैशांचं ओझं वाटतं म्हणून मात्र आणखी एक वर्ष पुस्तकं उघडून बसू नकोस.

आज लिलाव आटोपला की आधी तिला फोन कर आणि परीक्षा देत नाही म्हणून सांग. अर्ज भरून झाल्यावर कळवतो असं करू नकोस, मग तू तो भरणारच नाहीस. उद्या बाबांना बर्फाचं बघायला सांग आणि सकाळच्या एसटीने रत्नागिरी गाठ. केंद्रावर अर्जाची शेवटची तारीख विचार, कागद कोणते लागतात ते लिहून घे, आणि परत येण्याआधी तिथल्या मिरकरवाडा बंदरावर जाऊन मशीनची कामं करणाऱ्यांना भेट. एका मशीनची मजुरी किती घेतात, तेही विचारून ये.