बाय, आडून मागू नको

बाय,

तुझा मेसेज वाचला. "आपलीच माणसं असती तर न सांगता कळलं असतं त्यांना" हे तुझं वाक्य वाचून आधी वाईट वाटलं आणि मग खरं सांगतो, रागच आला.

आठवड्यातून तीनदा बाबांना डायलिसिसला न्यायचं, चार तास बाहेर बाकड्यावर बसायचं, फोंड्याला घरी सोडून पेज भरवायची आणि मग बोरीच्या पुलावरचा ट्रॅफिक काढत वेर्ण्याला कामावर, तोवर अर्धा दिवस कापलेला आणि वर सुपरवायझरचं तोंड. हे सगळं तू एकटी करतेस हे मला माहीत आहे. पण मला हे कळलं कसं? तुझ्या शेजारणीकडून. तुझ्याकडून नाही.

तू म्हणतेस, ग्रुपवर टाकलं होतं की. काय टाकलं होतंस? "आज परत डायलिसिस, देवा बळ दे." मग सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले, पुण्याहून भावाने "टेक केअर" लिहिलं. तू देवाकडे मागितलंस गो, मावशीच्या मुलाकडे कुठे मागितलंस? त्याच्याकडे गाडी आहे. त्याला "बुधवारी सकाळी साडेसहाला बाबांना घरून ने, साडेअकरापर्यंत परत आणून सोड, जमेल का?" असं एकदा तरी विचारलंस? नाही ना. मग तो नाही म्हणाला हे तू आपल्या मनानेच ठरवलंस आणि वर त्याच्यावर रुसलीस.

नेमकं माग. काय पाहिजे, कुठल्या दिवशी, किती वेळ आणि कुणाकडून, हे चार शब्द तोंडातून बाहेर पडले तरच ते मागणं. बाकी सगळं सुस्कारे.

मी हे एवढं ताणून का सांगतोय ते तुला थोडं माहीत आहे, बाकीचं आज सांगतो. २०१२ साली माझा टिपर होता, खाणीवर. पावसात ट्रक उभेच असतात, सगळे तेव्हा गॅरेजात रिपेरी करतात, मी पण टायर नवे घातले होते, ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की फिटतील म्हणून. १० सप्टेंबरला गोवा सरकारने खाणी बंद केल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने पण थांबवल्या. गणेशचवथ होती १९ सप्टेंबरला. गावच्या घरी सगळे जमलो, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना धाकट्या भावाने विचारलं, कसं काय चाललंय? मी म्हटलं, "चाललंय, टायरांचे भाव काय वाढलेत रे!" मला वाटलं समजेल तो. तो म्हणाला, "हो, सगळंच महाग झालंय," आणि माटोळीला कांगलां, म्हणजे रानफळं, आणायला गेला. दीड दिवस आम्ही एका घरात होतो, घुमटावर आरत्या म्हटल्या, आणि माझे बँकेचे हप्ते माझ्या खिशातच राहिले.

ट्रक बँकेने उचलला तेव्हा भावाला ते तिंट्यावर, नाक्यावर, कळलं, तिसऱ्याच माणसाकडून. पैसे बुडाल्याचं त्याला काही नव्हतं, तो मला एवढंच म्हणाला, "तू मला परका केलास." २०१४ च्या एप्रिलात कोर्टाने बंदी उठवली, पण माझ्याकडे चालवायला काही उरलं नव्हतं, आणि त्याचं ते वाक्य अजून मिटलेलं नाही. आता तू म्हणशील काका, मग तुम्ही पण तेच केलं. केलं. पण त्याला तेव्हा घराचा स्लॅब घालायचा होता, दोन पोरं शाळेत, आणि मी थोरला, थोरल्याने हात पसरायचा नसतो हेच ऐकत वाढलेलो. आजही मला पटत नाही की मी अगदीच चुकलो. तो देऊ शकला असता की नाही कुणास ठाऊक. पण ते ठरवायचं काम त्याचं होतं, मी परस्पर ठरवून मोकळा झालो, एवढं कबूल. असो. त्यानंतर मी तोंड उघडून मागतो, लोक निर्लज्ज म्हणतात, म्हणू देत.

आणि एक गोष्ट. मावशी आडसरं, म्हणजे शहाळी, आणि मोयऱ्याची केळी घेऊन आली म्हणून तू रडलीस म्हणे. किडनी चालत नसली की पोटॅशियम रक्तात साठतं, फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून डॉक्टरांनी पोटॅशियमवालं शहाळं, केळी बंद केलीत, पाणी पण मोजून. हे तुला पाठ आहे. मावशीला कुणी सांगितलं? तिच्या जन्मात आजाऱ्याकडे जाताना आडसरच नेलेलं. मार्दोळहून बसने ती एवढं ओझं घेऊन आली ती प्रेमाने आली ना? मग तिला सांग, मावशी आडसर नको, त्यापेक्षा सोमवारी दुपारी दोन तास बाबांजवळ बस, डायलिसिसनंतर त्यांना गळून जातं, कधी बीपी पण उतरतं, एकट्याने बाथरूमला उठू द्यायचं नाही, आणि फिस्टुलावाला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचतात तो, हात दाबायचा नाही की त्यावर बीपी घ्यायचं नाही. बघ, आनंदाने बसेल. तिला काम पाहिजे होतं, तू तिला फक्त काळजी दिलीस.

कोण नाही म्हणेल? एखादा म्हणेलच. तुझा भाऊ कदाचित रजा नाही म्हणेल. मग त्याला रजा मागू नको, त्याला सांग की महिन्यातून एक शनिवार-रविवार तू ये, मी झोपणार आहे. "जमेल तेव्हा ये" असं अजिबात लिहू नको, जमेल तेव्हा कुणालाच कधी जमत नाही. तारीख घाल. नेमकं माग म्हणतो ते हेच, किती वेळा सांगू?

बुधवारचं मावशीच्या मुलाला आज रात्रीच विचार, दुकान बंद करून तो घरी पोचला की. मेसेज नको, फोन कर.

शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजाराला जातो, पण ते काही दर आठवड्याला गेलंच पाहिजे असं नाही. शुक्रवार मी घेईन. पण आपणहून येणार नाही हां, तू फोन करून वेळ सांगशील तेव्हाच.

तुझा,
काका