गुडघा दुखते तं आधी मांडी चाचपून पाहा

भाऊ, नुसतं वाटीवर तेल चोळत बसू नका, कळ तिथं येते म्हणून दुखणं तिथलंच असते असं नाही. निंदण, वेचणी, दिवसभर उकिडवं बसणं, यानं मांडीचे स्नायू आखडतात अन् त्यात दाबलं की दुखणाऱ्या गाठीसारख्या जागा होतात, त्यालेच ट्रिगर पॉइंट म्हणतात, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी यावर लय काम केलं. मांडीच्या पुढच्या स्नायूतली गाठ असते पार वर, जांघेच्या थोडी खाली, अन् कळ मारते वाटीत. आतल्या बाजूच्या स्नायूत असली तं चालता चालता गुडघा एकदम लचकते.

आता करायचं कसं, तं खुर्चीवर बसा, पाय ढिला सोडा, जवसाचं नाही तं तिळाचं तेल लावा अन् अंगठ्यानं सावकाश चाचपत जा, सुतळीसारखी कडक दोरी लागली अन् दाबल्यावर ओळखीची कळ आली की तीच जागा. तिथं ८-१० वेळा हळूहळू दाबत एकाच दिशेनं सरकवा, सहन होईल इतकंच, दिवसातून २-३ वेळा पुरे. अंगठा दुखला तं लाटणं घ्या. जोर लावून काळंनिळं करणारे मले बिलकुल पटत नाहीत.

गुडघ्यामागच्या खळग्यात मात्र दाबू नका, तिथून रक्तवाहिनी अन् नस जाते. अन् गुडघा लाल, गरम, सुजलेला असन, अडकत असन, किंवा एकच पोटरी सुजली असन तं मालिश नकोच, सरळ डॉक्टरले दाखवा.