फुलब्राइटचं नाव लिहिण्याआधी

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद,

अमेरिकेत शिकायला जाण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तुझा मसुदा वाचला. पहिला परिच्छेद काढून टाक. ‘विश्वशांतीचे थोर उपासक सिनेटर फुलब्राइट’ ही सुरुवात निवड समितीला पाठ असेल, आणि ती पुरती खरीही नाही.

हा गृहस्थ अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्यातल्या फेएटव्हिल गावात वाढला, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकला. चौतिसाव्या वर्षी आर्कान्सास विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. नव्या गव्हर्नरने १९४१ मध्ये त्याला काढलं; १९४४ मध्ये सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, उमेदवारीच्या लढतीत त्याच गव्हर्नरला हरवून याने हिशेब चुकता केला. भाबडा आदर्शवादी वगैरे अजिबात नव्हता.

त्याची खरी हुशारी दिसते ती पैसा उभा करण्यात. महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्याचे ट्रक, यंत्रं, नाना सामान देशोदेशी पडून होतं. ते विकत घ्यायला त्या देशांकडे डॉलर नव्हते, आणि त्यांचं चलन अमेरिकेत नेऊन उपयोग नव्हता. फुलब्राइटने सप्टेंबर १९४५ मध्ये सुचवलं, की सामान त्यांच्याच चलनात विका आणि तो पैसा विद्यार्थी-प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करा. करदात्याकडे नवा डॉलर मागायचाच नाही, मग विरोध कोण करणार? शिल्लक सामानाच्या विक्रीच्या कायद्यात एक दुरुस्ती, एवढंच तिचं रूप. १ ऑगस्ट १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची सही झाली. मर्यादाही त्यातूनच आली: स्थानिक चलनात परदेशी विद्यार्थ्याचं प्रवासभाडं निघे, अमेरिकेत राहण्याचा खर्च दुसरीकडून जमवावा लागे.

भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० चा. २००८ च्या नव्या कराराने भारत सरकार खर्चात बरोबरीचं वाटेकरी झालं आणि नेहरूंचं नाव जोडलं गेलं. तेव्हा मुलाखतीत उपकारांखाली दबल्यासारखी बोलू नकोस.

आता दुसरी बाजू. शाळांतली वर्णविभागणी रद्द करणाऱ्या निकालाविरुद्ध दक्षिणेतल्या खासदारांनी १९५६ मध्ये जाहीरनामा काढला, त्यावर याची सही आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यालाही त्याने विरोध केला. परदेशी मुलांना अमेरिकेची दारं उघडणारा सिनेटर घरच्या काळ्या मुलांना गोऱ्यांच्या वर्गात बसू द्यायला तयार नव्हता. मतदार दुरावले असते, असा बचाव करतात. मला तो पटत नाही. कारण धैर्याची वानवा नव्हती. १९५४ मध्ये, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थीच्या चौकशी समितीला पैसे देण्याविरुद्ध सिनेटमध्ये एकट्याने मत दिलं. १९६६ मध्ये व्हिएतनाम युद्धावर उघड सुनावण्या घेतल्या, तेही राष्ट्राध्यक्ष आपल्याच पक्षाचा असताना. धैर्य होतं, ते कुठे खर्चायचं नाही हे ठरलेलं होतं. तू आश्रमशाळांत काम करतेस. या माणसाविषयी लिहायचंच असेल तर ही विसंगती टाळून तुला पुढे जाता येणार नाही.

त्याच्यापेक्षा गेल ऑम्वेट यांच्याकडे बघ. १९६३ मध्ये त्या याच शिष्यवृत्तीवर इंग्रजी शिकवायला भारतात आल्या. पुढे महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेत पीएचडी, मग सांगली जिल्ह्यातलं कासेगाव हेच घर, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सिनेटरच्या योजनेतून फुले-आंबेडकरांच्या विचारांची अभ्यासक घडली. योजना तिच्या कर्त्याहून मोठी निघाली, असं मी तरी मानतो.

राहिला दोन वर्षांचा नियम. या शिष्यवृत्तीवर गेलेल्याला परतून दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड घेता येत नाही. तू तो एका ओळीत उरकलास. तिथे अर्धं पान लिही: कुठल्या शाळेत परतणार, कोणाबरोबर काम करणार, पहिल्या वर्षी काय बदलणार. घरच्यांनाही आत्ताच सांगून ठेव. तिथेच नोकरी बघ म्हणणारे एक-दोन काका प्रत्येक घरात असतात.

तुझे
सर