शरीर ओळखू या : स्वादुपिंड नेमकं कोणाचं?

प्रश्न : मुलीला परीक्षेत ‘पचनसंस्थेचे अवयव लिहा’ असा प्रश्न होता. तिने स्वादुपिंड लिहिलं नाही. म्हणाली, ते अंतःस्रावी ग्रंथींच्या धड्यात आहे. गुण गेले. चूक कोणाची? – एक पालक

उत्तर : यादीत स्वादुपिंड हवंच होतं, त्यामुळे गुण कापणाऱ्यांशी मी भांडणार नाही. पण मुलीला रागावूही नका, तिने वाचलंय ते खरंच आहे. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पडलेला हा सुमारे १५ सेंटीमीटर लांबीचा अवयव दोन्हीकडचा आहे. त्याचा जवळजवळ सगळा भाग पाचकरस बनवतो. दिवसाला लिटर-दीड लिटर रस नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात येतो. प्रथिनं, पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ या तिन्हींना फोडणारी विकरं त्यात असतात, आणि जठरातून आलेल्या आम्लाचा जोर मोडणारा क्षारही. या सगळ्यात मधूनमधून पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात, वजनाने जेमतेम एक-दोन टक्के. त्यांना नळी नाही. ते इन्सुलिन आणि ग्लुकागॉन ही संप्रेरकं थेट रक्तात सोडतात, म्हणून तो भाग अंतःस्रावी.

हे पुंजके पहिल्यांदा नोंदवले ते पाउल लांगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने, १८६९ साली, बर्लिनमध्ये. ते कशासाठी आहेत हे त्याने सांगितलं नाही. तेव्हा ते कळायला मार्गही नव्हता. वीस वर्षांनी मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या संशोधकांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, कुत्र्याला मधुमेह झाला, तेव्हा कुठे धागा हाती लागला. या अवयवाकडे दुर्लक्ष होणं नवं नाही म्हणा. डिसेक्शन हॉलमध्ये दर वर्षी एखादी तुकडी जठराच्या मागची चरबी साफ करायला घेते आणि निम्मं स्वादुपिंड खरवडून टाकते. ते दिसतंच तसं, करडट-पिवळं आणि दाणेदार. तक्त्यातल्यासारखं ठसठशीत नाही.

मुलीला एवढं सांगा, की संस्था ही शिकवणाऱ्यांनी केलेली सोय आहे. घशातून अन्न जातं, हवाही जाते. मूत्रपिंड रक्त गाळतं आणि तांबड्या पेशी वाढवायला लावणारं संप्रेरकही बनवतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशी एक संप्रेरक सोडतात आणि त्यामुळे मूत्रपिंडं जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतात, हे १९८१ साली सिद्ध झालं. म्हणून हृदय अंतःस्रावी संस्थेत टाकायचं का? मी टाकणार नाही. पण कोणी कारण देऊन टाकलं, तर त्याला गुण देईन.

प्रश्न : शरीरात एकूण अवयव किती? ७८ हा आकडा बरोबर आहे का? – एक वाचक

उत्तर : हा आकडा मीही बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. तो ठरवणारी कोणतीही अधिकृत यादी नाही. दोन मूत्रपिंडं एक धरायची की दोन? प्रत्येक दात वेगळा मोजायचा का? २०१६ साली काही संशोधकांनी आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा पडदा सलग आहे, म्हणून तो स्वतंत्र अवयव माना, असा मुद्दा मांडला. पडदा शरीरात होता तिथेच आहे. पाठ करायला आकडाच हवा असेल तर प्रौढाची २०६ हाडं घ्या, तो बराच टिकाऊ आहे. बराच, कारण काहींना एखादी बरगडी जास्तीची असते.

प्रश्न : रक्त वाहतं, मग त्याला ऊती का म्हणायचं? आणि हाडाच्याच गटात का ठेवायचं? – नववीची विद्यार्थिनी

उत्तर : छान प्रश्न. ऊती म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींचा समूह. चार मूलभूत ऊतींपैकी अभिस्तर (आवरणं आणि अस्तरं बनवणारी), स्नायू आणि चेता (मेंदू-मज्जातंतूंची) यांत पेशींनाच महत्त्व. अभिस्तर ऊतीत तर त्या एकमेकींना अगदी चिकटून असतात. चौथ्या, संयोजी ऊतीत उलटं आहे. पेशी विरळ, आणि त्यांच्यामध्ये जो पदार्थ भरलेला असतो त्यावर सगळं ठरतं. तो पदार्थ कॅल्शियमच्या क्षारांनी टणक झाला की हाड. रबरासारखा लवचीक राहिला की कास्थी, म्हणजे कूर्चा. पातळ असला की रक्त, आणि मग त्याला आपण प्लाझ्मा म्हणतो. रक्ताचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग हाच असतो. शिवाय रक्तपेशी तयार होतात त्या हाडाच्या मज्जेत, म्हणजे नातं जवळचंच.

तू पुढे विचारशील, इतर संयोजी ऊतींत तंतू असतात, रक्तात कुठे आहेत? आहेत, पण विरघळलेले. फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन प्लाझ्मात असतं. जखम झाली की त्याचे धागे बनतात आणि त्या जाळीत पेशी अडकून गुठळी होते.

भरलेल्या पदार्थाचा प्रताप पाहायचा तर हाड पातळ आम्लात बरेच दिवस ठेवतात. क्षार निघून जातात, कोलॅजेनचे तंतू उरतात. आकार तोच, पण पोटरीतल्या बारीक हाडाला चक्क गाठ मारता येते. तेच हाड भाजलं तर तंतू जळतात, क्षार उरतात आणि ते दाबताच भुगा होतं. झेवियर बिशा हा फ्रेंच वैद्य असलेच उद्योग करायचा. शरीराचे भाग उकळायचे, वाळवायचे, कुजवायचे, आम्लात टाकायचे आणि काय होतं ते बघायचं. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. तो न वापरताच त्याने २१ प्रकारच्या ऊती मांडल्या. १८०२ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी तो गेला. पुढे सूक्ष्मदर्शकाने २१ च्या ४ केल्या, पण अवयवांच्या आत शिरून ऊतींनी शरीर समजून घ्यायचं हा विचार बिशाचाच.

प्रश्न : चित्रात धमन्या लाल, शिरा निळ्या, नसा (मज्जातंतू) पिवळ्या. आत खरंच असे रंग असतात? – एक वाचक

उत्तर : नाही. शिरांतलं रक्तही लालच, फक्त गडद. त्वचेतून त्या निळसर दिसतात इतकंच. जतन केलेल्या मृतदेहात तर तिन्ही सारख्याच फिक्या, करड्या दिसतात, आणि पहिल्या वर्षाची मुलं हवालदिल होतात. मी त्यांना डोळे मिटून चिमटीत धरून बघायला सांगतो. धमनीची भिंत जाड, दाबली तरी पुन्हा गोल होते. शीर चपटी पडते. नस आतून भरीव, पोकळी लागतच नाही.