संस्कृतच्या तासातून इतिहासाकडे

प्रश्न : महामहोपाध्याय पां. वा. काणे मूळचे शाळेत संस्कृत शिकवणारे. ते धर्मशास्त्राचे इतिहासकार कसे झाले? (वाचक, गिरगाव)

उत्तर : मधे वकिली आली म्हणून. रत्नागिरीत आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांनी संस्कृत शिकवलं. १९११मध्ये नोकरी सोडून हायकोर्टात उभे राहिले. तेव्हा हिंदू वारसाहक्काच्या दाव्यात कोर्टापुढे मिताक्षरा (याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका) आणि नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख हे धर्मशास्त्राचे दोन ग्रंथ उघडले जात. दोघांत मतभेद असला, तर मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात मयूखाचं चालायचं, उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरेचं. म्हणजे एका समासाच्या विग्रहावर एखाद्या विधवेचा वाटा ठरायचा. वर्गात फळ्यावर केलेला अन्वय इथे थेट कामाला आला.

काण्यांनी १९२६मध्ये मयूखाची आवृत्ती काढली. तिच्यासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना लिहायला घेतली, ती आवरेना. तिचे पाच खंड झाले : पहिला १९३०चा, शेवटचा १९६२चा, पानं साडेसहा हजारांच्या आसपास. पुढच्याच वर्षी भारतरत्न. मुक्काम मात्र गिरगावातली आंग्रेवाडी, म्हणजे तुमच्याच शेजारी!

प्रश्न : जुन्या ग्रंथावर साल नसतं. मग काळ कसा ठरवतात?

उत्तर : दोन टोकं बांधून. ग्रंथकार ज्यांची वचनं घेतो ते त्याच्या आधीचे. जे त्याची वचनं घेतात ते नंतरचे. आधी ही दोन टिपणं करायची. मग ग्रंथाचा शेवट वाचायचा, कारण राजाचं नाव बहुधा तिथेच सापडतं. मिताक्षरेच्या शेवटच्या श्लोकांत कल्याण नगर आणि विक्रम राजा येतात. हा चालुक्य सहावा विक्रमादित्य, राज्यकाळ १०७६ ते ११२६. मुंबईकर इथे हमखास फसतो : हे कल्याण ठाण्यापुढचं नव्हे, बिदरकडचं बसवकल्याण. दुसरी चूक म्हणजे छापील पुस्तकावर विसंबणं. एखादं वचन एकाच पोथीत असेल आणि बाकीच्यांत नसेल, तर ते मागाहून घुसलेलं असू शकतं. त्यावर काळ बांधू नये.

प्रश्न : मी संस्कृत शिकवते. शिलालेखांतल्या शकाचं इसवी सन काढताना एका वर्षाचा फरक पडतो. का?

उत्तर : सरसकट ७८ मिळवता म्हणून. शक वर्ष चैत्रात सुरू होतं. पौषाच्या मध्यावर कुठेतरी १ जानेवारी उलटते, तिथपासून फाल्गुनाअखेर ७९ मिळवा. परळचा शिलाहार राजा अपरादित्याचा लेख शके ११०८च्या माघातला, म्हणून ११८७. ७८ मिळवलेत तर ११८६ येतं.

ताळा संवत्सरानं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावानं करा. शकात १२ मिळवून ६०नं भागा. बाकी राहील तो ‘प्रभव’ या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. ११०८ अधिक १२ म्हणजे ११२०, बाकी ४०, म्हणजे ‘पराभव’ संवत्सर. लेखात वेगळं नाव असेल तर आधी ‘गत’ (पुरी झालेली वर्षं मोजलेला) की ‘वर्तमान’ (चालू वर्षही धरलेला) शक ते बघा. वर्तमान असेल तर शकातून एक वजा करून गणित पुन्हा मांडा. तरीही जुळलं नाही, तर अंक वाचताना चूक झाली असेल. झिजलेल्या दगडावर हे फार होतं. लेखाचा कागदावर घेतलेला ठसा तिरप्या उजेडात धरून पुन्हा वाचा.