वाघोलीची मेट्रो, वडिलांची जमीन आणि तळोज्याहून आलेली कानउघाडणी

(नगररचना खात्यातून निवृत्त झालेल्या ताई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

ताई, आम्ही दोघं सहा वर्षं वाघोलीत भाड्याने राहतो. माझी नोकरी येरवड्याला. नगर रस्त्यावरचे बीआरटीचे, म्हणजे बसच्या राखीव मार्गिकेचे, थांबे वापरले आणि तेच थांबे तोडताना पाहिलेही. आता त्याच रस्त्यावर मेट्रो मंजूर झाली आहे. एका बिल्डरने पत्रकात 'मेट्रोपासून पाच मिनिटं' असं छापलंय आणि शेजारच्या स्कीमपेक्षा आठ लाख जास्त मागतोय. घर घ्यावं का? आणि मेट्रोच करायची होती, तर बीआरटी कशाला केला? – एक वाचक, वाघोली

आधी घराचं बोलते, खरी घालमेल तिथेच आहे.

पत्रकावरची पाच मिनिटं कुणाची, ते विचारा. बहुतेक वेळा ती मोटारीची असतात आणि तीही पहाटे चारची. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. जोडीला वनाज ते चांदणी चौक हा छोटा तुकडा आहे. दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं आणि ३,६२६ कोटींचा खर्च. आता मागे वळून बघा. पुणे मेट्रोची पायाभरणी झाली डिसेंबर २०१६ मध्ये. गाडी रामवाडीला पोचली मार्च २०२४ मध्ये. मधली करोनाची दोन वर्षं वजा करा हवं तर, तरीही वाघोलीचं गणित तुमचं तुम्हाला मांडता येईल. तोवर हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होणार आहे.

म्हणून मी माझ्या भाच्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मेट्रो कधीच येणार नाही असं समजून घर बघा. आजच्या बसने त्या घरातून येरवड्याला जाता येतं का? येत असेल तर पुढची परीक्षा. जुलै महिन्यात, संध्याकाळी सात वाजता, पाऊस असताना, त्या इमारतीच्या फाटकापासून नियोजित स्थानकाच्या जागेपर्यंत पायी जा. फूटपाथ कुठे संपतो, रस्ता कुठे ओलांडावा लागतो, दिवे कुठे नाहीत, सगळं बघा. बायकोला बरोबर न्या. तिला जे दिसेल ते तुम्हाला दिसणार नाही. दहा मिनिटांत आणि जीव मुठीत न धरता पोचलात, तर आठ लाखांवर बोलणी करा. नाहीतर शेजारची स्कीम बरी.

आता बीआरटी. हे मला स्वतःला बोचतं, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमच्या रस्त्यावर येरवडा ते खराडी हा बीआरटी एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच दिशेने रामवाडीपर्यंत जाणाऱ्या मेट्रोची पायाभरणी झाली. एकाच घरातल्या दोन भावांनी एकमेकांना न विचारता दोन गवंडी बोलवावेत, तसं. पुढे बीआरटी टप्प्याटप्प्याने काढला गेला. बसची मधली मार्गिका मोकळी झाली, ती गाड्यांनी भरली, आणि आता तिथेच पुन्हा खांबांसाठी जागा शोधायची.

मी १९८४ मध्ये खात्यात लागले तेव्हा आमचे एक वरिष्ठ म्हणायचे, "आधी पट्टा, गाडी मागाहून." ट्रेसिंग कापडावर रोट्रिंग पेनाने गट नकाशावरून दोन समांतर रेघा मारायच्या. त्या दोन रेघांमधली जागा, तोच कॉरिडॉर. त्यात पुढे बस धावेल, ट्राम धावेल की मेट्रो, हे पुढच्या पिढीने ठरवावं. आपलं काम तिच्यासाठी पट्टा मोकळा ठेवण्याचं. आधी त्यावर साधी बस, मग स्वतंत्र मार्गिकेतली बस, आणि ती मिनिटामिनिटाला येऊनही भरून जायला लागली की रूळ. या हिशेबात बीआरटी वाया जात नाही. मेट्रोसाठी लागणारी जागा तोच दहा-पंधरा वर्षं राखून ठेवतो. आपण केलं उलटं. पट्टा मोडला आणि वाहनावर भांडत बसलो.

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतो? दीड दशकातच, २०२० च्या लॉकडाउनमध्ये, तो पाडला. कारण हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोला तिथून जायचं होतं आणि पुलाच्या खांबांनी वाट अडवली होती. पूल बांधला तेव्हा त्या रस्त्यावरून पुढे कधीतरी रूळ जाणार, ही रेघ कुणाच्या तरी नकाशावर ठळक असती, तर खांब चार मीटर इकडे-तिकडे सरकवणं ही फार मोठी गोष्ट नव्हती. माझ्या डोक्यातून तो पूल अजून जात नाही. तो पाडला जात असताना मी मुद्दाम बघायला गेले होते, मास्क लावून. शेजारी एक रिक्षावाला उभा होता. म्हणाला, "ताई, आमच्या टॅक्सचे तुकडे बघायला आलात व्हय?"

वाघोलीचं दुखणं आणखी वेगळं. तुमचं गाव ३० जून २०२१ ला महापालिकेत आलं, इतर २२ गावांबरोबर. तोपर्यंत दहा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्याच होत्या. ग्रामपंचायतीच्या काळात वस्ती वाढली, नकाशा मागून आला. पुण्यात याच्या उलटं, नकाशा आधी आला तरी काही न झाल्याचं, जुनं उदाहरणही आहे. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवती साधारण ३६ किलोमीटरचा एक वर्तुळाकार मार्ग आखला होता, खास सार्वजनिक वाहतुकीसाठी. एचसीएमटीआर म्हणतात तो. चाळीस वर्षं होत आली, तो अजून आराखड्यातच आहे. रेघ मारणं सोपं असतं, ती सांभाळणं महाग.

कोणती वाहतूक परवडेल याची आधी तुलना करा आणि स्थानकाच्या दोन्ही बाजूंनी पाच किलोमीटरपर्यंत जोड-बस पुरवा, असं २०१७ च्या केंद्राच्या मेट्रो धोरणातच आहे. तुमच्या नगरसेवकाला मेट्रोची तारीख विचारू नका. जोड-बसचा मार्ग विचारा. तारीख तो ठोकून देईल. मार्ग विचारलात तर त्याला नकाशा काढावा लागेल.

ताई, वडिलांच्या नावावर एक एकर जमीन आहे, आता शहराच्या हद्दीत. विकास आराखड्यात तिच्या मधून ३० मीटरचा रस्ता दाखवलाय. आराखडा मंजूर होऊन अकरा वर्षं झाली. ना कुणी जमीन घेत, ना पैसे देत, ना बांधू देत. बँक दारात उभं करत नाही. वडील ७४ वर्षांचे आहेत. आम्ही काय करावं? – एक वाचक, पुणे जिल्हा

वरचं उत्तर लिहून झालं आणि तुमचं पत्र उघडलं. पट्टा राखा, पट्टा राखा असं मी वर जे सांगतेय, तो पट्टा तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्यातून जातो.

१९८५-८६ ची गोष्ट असेल. मोजणीला गेलो होतो. एक म्हातारे शेतकरी नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "पोरी, ही रेघ माझ्या विहिरीवरून का नेलीस?" मी त्यांना वळणाची त्रिज्या वगैरे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी पाजलं. ती जमीन पुढे पंधरा वर्षं कुणी घेतली नाही, हे मला बदलीनंतर कळलं. ना रस्ता झाला, ना त्यांना मोबदला मिळाला. आणि ज्या पालिकेच्या हद्दीत ती होती, तिने तो ३० मीटरचा पट्टा 'किरकोळ फेरबदल' करत करत तुकड्या-तुकड्याने अरुंद करून टाकला. विहीर मात्र आरक्षणातच राहिली.

म्हणून तुम्हाला सल्ला देताना मी नगररचनाकाराची टोपी काढून ठेवते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ वाचा. अंतिम आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नसेल, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. तिच्यासोबत मालकीची कागदपत्रं जोडावी लागतात: सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला. सूचना पोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्याची खरी कारवाई सुरू केली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. पालिकेने नुसता ठराव केला किंवा प्रस्ताव पुढे पाठवला, तर ती कारवाई धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात हे स्पष्ट केलंय. चांगला वकील गाठा, सूचना पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. पोच हरवली म्हणून हरलेली माणसं मी पाहिली आहेत.

पण सूचना देण्याआधी पालिकेत जाऊन दोन गोष्टी विचारा. एक, पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळेल का आणि आज त्याचा बाजारभाव काय आहे. दोन, तुमच्या भागात टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, होणार आहे का. टीपी स्कीममध्ये रस्त्याचं ओझं एकट्या तुमच्या वडिलांवर पडत नाही. आजूबाजूच्या सगळ्यांची जमीन एकत्र होते, प्रत्येकाचा थोडा हिस्सा रस्त्याला, बागेला, शाळेला जातो, आणि उरलेला नीट चौकोनी भूखंड ज्याचा त्याला परत मिळतो. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड उभा राहिला त्यात अशा स्कीमांचा मोठा हात होता. आपल्याकडेही हे नवं नाही. पुण्यात भांबुर्ड्याची, म्हणजे आजच्या शिवाजीनगरची, आखणी टीपी स्कीमनेच झालीय, आणि अलीकडे माण-म्हाळुंग्यात पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, हेच हाती घेतलं. मधल्या काळात आपण ही पद्धत विसरलो आणि आरक्षणाचे शिक्के मारत सुटलो.

शहर दोन्हींतलं काहीच करायला तयार नसेल, तर सूचना द्या. पट्टा तुटला तर मला वाईट वाटेल, पण तो राखायचा खर्च ७४ वर्षांच्या एका माणसाने एकट्याने का सोसायचा?

ताई, तुम्ही मागच्या अंकात नवी मुंबईचं फार कौतुक केलंत. जागा आधी राखली, रेल्वे नंतर आली वगैरे. आमच्या बेलापूर–पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. ११ किलोमीटरला बारा वर्षं! जागा राखून काय मिळालं? – एक वाचक, तळोजा

कानउघाडणी मान्य. मागच्या अंकात मी लिहिलं होतं ते वाशीच्या रेल्वेबद्दल. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, मानखुर्द–वाशी लोकल ९ मे १९९२ ला धावली. मधली वीसेक वर्षं लोक बसमध्ये लटकून खाडी ओलांडत होते, हे लिहायचं मी सोयीस्करपणे टाळलं. माझे दीर त्या बसमध्ये होते आणि त्यांनीही फोन करून हेच ऐकवलं.

तरी त्या रेल्वेतली एक गोष्ट मला अजूनही मोठी वाटते, ती पैशांची. सिडकोने मार्गाचा ६७ टक्के खर्च उचलला, रेल्वेने ३३ टक्के. रेल्वे येणार म्हणून जमिनीचा भाव वाढतो. तो वाढीव पैसा रुळांकडे परत वळवला. वाशी स्थानकाच्या डोक्यावर उभी असलेली कार्यालयं बघा, तो हिशेब तिथे सिमेंटमध्ये दिसतो.

तुमच्या मेट्रोचे खांब खारघरच्या रुंद रस्त्यांवर बिनबोभाट उभे राहिले. पुण्यात एकेक खांब दुकानाच्या पायरीशी भांडून उभा राहतो. एवढंच राखलेल्या जागेने दिलं. पण कंत्राटं वेळेत पुरी करून घेणं, गाड्या चालवणारी माणसं तयार ठेवणं हे जागेने होत नाही. ते शेवटी पुण्याची मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोची मदत घेऊन मार्गी लागलं. बारा वर्षांचा राग योग्यच आहे, फक्त तो जमिनीवर काढू नका.

आणि एक काम सांगते. दिवा–पनवेल मार्गावरचं तळोजा पाचनंद स्थानक आणि तुमचं पेंधर, यांच्यामधलं अंतर एकदा सामान घेऊन चालून बघा, आणि किती मिनिटं लागली, कुठे चिखल लागला, ते मला कळवा. पुढच्या अंकात छापते.