वाळू माणसाला गिळते का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत दापोलीजवळ खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वाळूवर चालत होतो. माझ्या मुलाचा पाय एकदम गुडघ्यापर्यंत रुतला. ओढून काढला, पण चप्पल आतच राहिली. तेव्हापासून तो विचारतोय, अशी वाळू माणसाला पूर्ण गिळते का? आणि ती बनते कशी?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : मुलाला आधी सांगा, वाळू कुणाला गिळत नाही. त्याची भीती घालवणं जास्त महत्त्वाचं.

पाय रुतवणाऱ्या अशा वाळूला क्विकसँड म्हणतात. ती वाळूची वेगळी जात नाही, ती वाळूची अवस्था आहे. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण मला खरं कळलं ते भीमेच्या पात्रात. तेव्हा मी मृदा यांत्रिकी, म्हणजे माती भाराखाली कशी वागते याचं शास्त्र, शिकवायला नुकती लागले होते आणि एका जॅकवेलचं (नदीचं पाणी उपसण्यासाठी पात्रात बांधतात त्या विहिरीचं) काम बघायला गेले होते. वेलच्या आतलं पाणी पंपाने उपसत होते. पाणी जसजसं उतरत गेलं तसतसा तळ वर यायला लागला. वाळू पेजेसारखी रटरटत होती. तिच्यात रोवून ठेवलेली लोखंडी पहार आमच्या डोळ्यांदेखत आत गेली. कंत्राटदार आणखी एक पंप मागवायला निघाला, तर म्हातारे मुकादम म्हणाले, “साहेब, आहे तो पंपपण बंद करा. पाणी येऊ द्या आत.” पंप थांबला, वेलमध्ये पाणी चढलं आणि उकळी बसली. पुढे त्या तळाला हात लावला तर वाळू टणक होती.

मुकादमांनी नेमकं दुखणं ओळखलं होतं. एरवी वाळूचा कण खालच्या कणावर टेकलेला असतो आणि आपलं वजन कणाकणातून खाली जातं. वेलच्या बाहेर पाणी उंच आणि आत खोल झालं, की बाहेरचं पाणी तळातून वर घुसतं आणि कणांना उचलून धरतं. एक मीटर जाडीच्या वाळूला साधारण एक मीटर उंच पाण्याचा जादा दाब खालून मिळाला, की कणांची एकमेकांवरची टेक सुटते. पकड गेली की वाळू दाट द्रवासारखी वागते. कणांवरचा भार आणि पाण्याचा दाब यांचा हा हिशेब मृदा यांत्रिकीचा पाया घालणारे इंजिनिअर कार्ल टर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडला. पाया खणणारा प्रत्येक इंजिनिअर आजही तोच करतो.

खाडीत समुद्र झपाट्याने उतरतो, वाळूत मुरलेलं पाणी मागे राहून पाझरत असतं. वाळूही सैल बसलेली असते. पाय पडला की ती सैल रचना ढासळते आणि क्षणभर सगळा भार पाण्यावर येतो. भूकंपातही हेच होतं. १९६४ साली जपानमधल्या निइगाता इथे इमारती अखंड राहून आडव्या कलल्या आणि जमिनीत पुरलेल्या पोकळ टाक्या वर आल्या.

त्या टाक्यांमध्येच तुमच्या मुलाचं उत्तर आहे. अशा ओल्या वाळूची घनता पाण्याच्या जवळपास दुप्पट असते, माणसाची साधारण पाण्याइतकीच. म्हणून लोखंडी पहार बुडते, माणूस मात्र कमरेच्या आसपास तरंगतो. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २००५ मध्ये माणसाच्या घनतेचे मणी वापरून हे तपासलं. मणी निम्मेच बुडाले.

मग चप्पल का गेली? हलल्यावर वाळू खाली बसते आणि पायाभोवती आधीपेक्षा घट्ट होते. पाय वर ओढला की तळव्याखाली पोकळी होऊ पाहते, ती भरायला पाणी लगेच पोचत नाही, म्हणून पाय खाली ओढल्यासारखा वाटतो. पाय सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने उपसायचा तर मोटार उचलण्याइतका जोर लागेल, असं त्याच संशोधकांनी काढलं. म्हणून हिसका द्यायचा नाही. पाठीवरची सॅक टाकायची, मागे रेलायचं, पाय बारीक बारीक हलवत भोवती पाणी शिरू द्यायचं. वेळ लागतो, पण पाय सुटतो. खाडीत खरा धोका भरतीचा. अडकलेला माणूस वाळूत नाही, वर येणाऱ्या पाण्यात बुडतो. चालायला निघण्याआधी भरतीची वेळ गावातल्या कोळ्यांना विचाराच.

पुण्यात पायाखाली काळा पाषाण आणि मुरूम, त्यामुळे हे सहसा दिसत नाही. पण ओट्यावर दाखवता येईल. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरणीला तळाशी भोक पाडून नळी बसवा, भोवती एम-सील लावा. तळात खडी, तिच्यावर सुती कापड, वर चार बोटं ओली वाळू. वाळूत पिंगपाँगचा बॉल पुरा, वर तराजूचं वजन ठेवा. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडा, नळी पाण्याने भरून घ्या आणि बादली हळूहळू उंच धरा. वजन खाली जाईल, बॉल वर येईल. बादली खाली घ्या, वाळू पुन्हा घट्ट. बांधकामावर हल्ली क्रश सँडच, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, मिळते, ती चाळून, भुकटी जाईपर्यंत धुऊन घ्या.